कठीण पाते म्हणजे दणकट पाते नव्हे

‘पोलाद बासष्ट रॉकवेलचं आहे, बिनधास्त बाभळीवर हाणा.’ रानात नेण्यासाठी न मिटणारा, जाड पात्याचा चाकू घ्यायला निघालेल्या माणसाला हे वाक्य हमखास ऐकवले जाते. आकडा खरा असेलही. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे आणि तो इतका पसरला आहे की आता संताप येतो.

रॉकवेल ‘सी’ चाचणीत हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने पोलादात दाबतात आणि तो किती खोल रुतला ते मोजतात. त्यातून कळतो कठीणपणा. घाव बसल्यावर पाते तुटेल का, हे ती चाचणी सांगतच नाही. तो गुण चिवटपणाचा. तो मोजायला शार्पी चाचणी असते: लंबकासारखा झुलता हातोडा नमुना तोडतो आणि त्यात किती ऊर्जा खर्ची पडली ते पाहतात. एकाच पोलादाचा कठीणपणा वाढवत नेला की चिवटपणा सहसा घटतो. नुसते पाणी दिलेले पाते ठिसूळ असते, म्हणून तर ते पुन्हा बेताने तापवतात. थोडा कठीणपणा जातो, चिवटपणा येतो.

पोलादाची जातही तितकीच महत्त्वाची. ‘डी टू’मध्ये सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते. त्यातल्या जाड कार्बाइडच्या कणांमुळे धार टिकते, पण तडा जायला वाटही तिथेच मिळते. धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी चाकूच्या पोलादांची चिवटपणासाठी पद्धतशीर तुलना केली आहे. तीत ‘डी टू’ बरेच खाली आणि सुमारे ०.६ टक्के कार्बनचे ‘५१६०’ हे स्प्रिंगचे पोलाद बरेच वर आहे. आपल्याकडचे लोहार कोयत्यासाठी गाडीच्या कमानीचा पाटा निवडतात, ते उगाच नाही.

‘पात्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकून ओंडका फोडला, म्हणजे चाकू पास’ हाही असाच समज. सरळ रेषेच्या लाकडात एकदा फट पडली की पाते पाचरीचे काम करते. धारेला पुढे फारसे काही लागतच नाही. खरी परीक्षा गाठीवर होते, आणि पाते तिरके पिळले गेले तर अधिकच. नंतर धार उजेडात धरून बघा. दुमडली असेल तर पोलाद मऊ किंवा धार फार पातळ. टवका उडाला असेल तर पोलाद ठिसूळ किंवा, पुन्हा, धार फार पातळ. त्यामुळे दोन चाकूंची तुलना करायची तर धारेचा कोन सारखा हवा, लाकूडही तेच हवे. कारखान्यातली पहिली धार घासताना तापून बिघडलेली असू शकते, म्हणून दोन-तीनदा धार लावल्यावरच निकाल द्या.

स्टेनलेस गंजतच नाही? गंजते, फक्त उशिरा. जाड पाते नेहमीच चांगले? फोडायला चांगले, कापायला वाईट.

आणि उभ्या झाडावर चाकू आजमावू नका. राखीव जंगलात झाडाला इजा करणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. शेतातला वाळका ओंडका घ्या, हाताशी कुणाला उभे करू नका.