नळ-पाण्याचा हिशेब

नळ-पाणी योजनेचे वीजबिल थकले, की ग्रामसभेपुढे पाणीपट्टी वाढविण्याचा ठराव येतो. परंतु खर्च कशाने वाढला, हे मोजमापावाचून कळत नाही.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण ठरविले. दोन हजार वस्तीच्या गावास या हिशेबाने १,१०,००० लिटर पाणी लागते. ते ६० मीटर चढवावयाचे असून पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास रोज सुमारे ३६ युनिट वीज खर्ची पडते. वाटेत एक-तृतीयांश पाणी गळत असेल, तर तेवढेच पाणी घरोघर पोहोचविण्यासाठी १,६५,००० लिटर उपसावे लागते व वीज ५४ युनिट लागते. वर्षाकाठी ६,५७० युनिट वाया जातात. विहिरीचा उपसाही दीडपट होतो.

जलमापकाअभावी ही गळती दिसत नाही. पाणी अपुरे पडते म्हणून मोठा पंप बसविला जातो आणि त्याचा भार नियमित पट्टी भरणाऱ्यांवर पडतो.

यास्तव विहिरीवर व टाकीच्या वितरण-नळावर जलमापक बसवावेत. उपसलेले व सोडलेले पाणी, पंपाचे तास आणि विजेचे आकडे रोज वहीत नोंदवावेत. एका रात्री सर्व नळ बंद ठेवून टाकीची पातळी किती उतरते, तेही पाहावे. ग्रामसभेने ही वही पाहूनच पाणीपट्टी ठरविणे हिताचे होय.