बंदुकीला परवाना नको, पण सशाचे काय?

जोंधळ्याची काढणी संपून रान मोकळे झाले की आपल्या भागात रविवारी सकाळी एक दृश्य हमखास दिसते. मोटारसायकलवर दोघे-तिघे तरुण आणि मागे बसलेल्याच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेली एक लांबट वस्तू. ती काय आहे, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. ती छऱ्याची बंदूक, म्हणजे एअरगन. मराठी घरातली मुले ‘शिकारीला चाललोय’ म्हणतात, कन्नड घरातली ‘बेटेगे होंटेवि’ म्हणतात. दोन्ही घरांत आई एवढेच विचारते, ‘जेवायला कधी येणार?’

या बंदुकीबद्दल आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे. हिला लायसन्स लागत नाही, तेव्हा हिने ससा, तितर, होला मारायला हरकत नाही. या समजुतीपायी बऱ्या घरची, शिकलेली मुले गुन्हा करतात आणि आपण गुन्हा केला हे त्यांच्या गावीही नसते. म्हणून हा विषय आज कुटुंबाच्या पानावर घेतला आहे.

आजोळचा शिरस्ता

माझे आजोळ खानापूर तालुक्यातले आणि सासुरवाडी बैलहोंगलकडची. एकीकडे जंगल, दुसरीकडे काळी रानं. भाषाही एकीकडे मराठी, दुसरीकडे कन्नड. शिकारीच्या गोष्टी मात्र दोन्ही घरांत सारख्याच ऐकल्या. आजोळी भिंतीला ठासणीची बंदूक टांगलेली असे, परवाना असलेली. ती खाली काढणे हे साधे काम नव्हते. दारू ठासायची, वाट बघायची, बार एकच. तो चुकला तर हात हलवत परत यायचे.

त्या पिढीचे काही नियम होते. पोटुशी मादी मारायची नाही. पाण्यावर आलेल्या जनावरावर बार टाकायचा नाही. जखमी जनावर रानात टाकून यायचे नाही, अंधार पडला तरी माग काढायचा. शिकार आणली की शेजारच्या चार घरी वाटा जायचा. सशाच्या रश्शाची चव सांगताना आजही आमच्या मामांचा चेहरा खुलतो. ते सगळे खोटे होते, वाईट होते, असे मी म्हणणार नाही. त्या काळचे रान वेगळे होते, घरची गरज वेगळी होती आणि कायदाही वेगळा होता.

कायद्यातली ‘लहान शिकार’

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुष्कळांना वाटते की त्याच दिवशी शिकार बंद झाली. तसे झाले नाही. मूळ कायद्यात प्राण्यांच्या वेगवेगळ्या याद्या होत्या. दुर्मीळ प्राण्यांची शिकार पूर्ण बंद होती, पण ‘मोठी शिकार’ आणि ‘लहान शिकार’ अशाही याद्या होत्या आणि त्यांसाठी रीतसर परवाना मिळू शकत असे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘परवाना काढून शिकार’ हे शब्द येतात, ते त्या काळातून आलेले आहेत.

१९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही पद्धतच मोडीत निघाली. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने याद्यांची नव्याने मांडणी झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. या मांडणीत आपल्याकडचा काळ्या मानेचा ससा दुसऱ्या यादीत आहे. तितर, म्हणजे कन्नडमधले गौजल, आणि होला, म्हणजे बेळव, हेही तिथेच आहेत. मोर पहिल्या यादीत आहे. पहिल्या आणि दुसऱ्या यादीतल्या प्राण्यांची शिकार बंद आहे. हौसेने ससा मारायचा परवाना आज कोणत्याही कचेरीत मिळत नाही.

शिकार या शब्दाचा कायद्यातला अर्थही समजून घ्यावा. ठार मारणे तर झालेच, पण पकडणे, फास लावणे, विष घालणे, जखमी करणे आणि यातले काहीही करण्याचा प्रयत्न करणे, हे सारे शिकारीत येते. पक्ष्याचे घरटे किंवा अंडी विस्कटणेही त्यात येते. ‘नेम चुकला हो, काही पडलेच नाही’ हा बचाव म्हणूनच चालत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या यादीतला प्राणी असेल, किंवा शिकार अभयारण्यात केली असेल, तर कैद किमान तीन वर्षांची आणि ती सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. खानापूरचे भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, गोकाकजवळ घटप्रभेचे पक्षी अभयारण्य आहे, हे आपल्या भागातल्यांनी विसरू नये.

लायसन्स कशाला लागत नाही?

मागे आमच्या भाच्याने एअरगन मागवली, तेव्हा सासुरवाडीची मंडळी आमच्याकडे आलेली होती. भाचा सगळ्यांना ती कौतुकाने दाखवत होता.

‘लायसन लागत नाही की हो काका. दुकानवाल्यानंच सांगितलंय.’

माझे सासरे, ज्यांना आमची मुले अज्जा म्हणतात, ते खुर्चीत पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘बंदूकिगे लायसन्स बेडा, खरे. मोला होडियाक यारु कोट्टारप्पा?’

बंदुकीला लायसन्स नको हे खरे, पण ससा मारायला कुणी दिले? भाच्याला कन्नड चांगले कळते. तो हसला, पण उत्तर काही देता आले नाही.

अज्जांनी नेमके बोट ठेवले होते. बंदुकीचा कायदा वेगळा आणि वन्यजीवांचा वेगळा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या एअरगनची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत आणि नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आहे, तिला परवाना लागत नाही. यांपैकी काहीही वाढले की परवाना लागतो. ही सूट फक्त बंदूक बाळगण्यापुरती आहे. तिने काय मारावे, याबद्दल ती सूट अवाक्षर बोलत नाही. घरात कोयता ठेवायला परवानगी लागत नाही, म्हणून त्याने कुणाचेही झाड तोडता येत नाही, तसेच हे आहे.

छऱ्याची ताकद

जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सर्वांनी हातात धरलेली असते. त्यामुळे एअरगन म्हणजे खेळणे, असे मनात बसते. जरा हिशेब करून बघू. ४.५ मिलिमीटरचा साधा शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. २० ज्यूल ऊर्जेने तो सुटला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे २८० मीटर होतो, म्हणजे ताशी हजार किलोमीटर. जवळून डोळ्याला लागला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. दगडावर किंवा पत्र्यावर आपटून तो उलटही फिरतो.

पण हाच छर्रा हलका असतो आणि त्याचा आकार कमरेशी बारीक, मागे पसरट असतो. हवेच्या अडथळ्याने त्याचा जोर लवकर ओसरतो. माणसाला धोकादायक असणारी ही बंदूक सशासाठी मात्र बहुतेक वेळा अपुरी पडते. इंग्लंडमध्ये रानसशांना पिकाचा उपद्रव मानतात आणि तिथे एअर रायफलने ते मारणे कायदेशीर आहे. तिथले जाणकारही सांगतात, अंतर कमी हवे, नेम डोक्यावरच हवा आणि त्याची खात्री नसेल तर घोडा ओढू नये. आपल्याकडे रात्री बॅटरीच्या झोतात थबकलेल्या सशावर मोटारसायकलवरूनच छर्रा झाडतात. तो पोटात किंवा मांडीत बसतो. ससा उडी मारून झुडपात दिसेनासा होतो. पोरे म्हणतात, ‘चुकला.’ तो चुकलेला नसतो. कुठल्या तरी बांधाखाली रात्रभर, कधी दोन-दोन दिवस तडफडून तो मरतो.

जुन्या शिकाऱ्याचा ‘माग काढायचा’ हा नियम इथे कुणाला आठवत नाही. ठासणीच्या बंदुकीत एका बाराला वेळ लागे, म्हणून माणूस विचार करी. इथे नळी मोडली, छर्रा घातला, की दुसरा बार तयार. छऱ्यांचा डबाही महाग नसतो.

आपला ससा बीळ करत नाही. गवतात उथळ खळगी करून तो बसतो. मादी एका वेळी एक ते चार पिल्ले देते आणि ती उघड्यावरच असतात. होल्याचे घरटे म्हणजे चार काड्या. त्यात दोन अंडी. पिल्ले झाली की नर आणि मादी दोघेही गळ्यात तयार होणारा दुधासारखा पदार्थ त्यांना भरवतात. पहिल्या दिवसांत दोघांपैकी एक मारला गेला तर पिल्ले बहुधा जगत नाहीत. तारेवरच्या एका होल्यावर मारलेला छर्रा असा तिघांचा जीव घेतो आणि हातात येते ते मूठभर मांस, तेही शिशाचे कण असलेले.

ज्यांनी बंदूक खाली ठेवली

पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. लहानपणी मामांनी दिलेल्या एअरगनने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनाही ती ओळखता आली नाही, तेव्हा मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्ड साहेबांनी पक्षी ओळखला आणि कपाटे उघडून इतर पक्षी दाखवले. त्या कुतूहलातून देशाला एक थोर शास्त्रज्ञ मिळाला. १९८५ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नावही त्या चिमणीवरूनच आहे. आजच्या मुलाला तेच कुतूहल शमवायला दुर्बीण आणि मोबाईलचा कॅमेरा पुरतो.

अरुणाचल प्रदेशात तर घरोघरी शिकारीची परंपरा. तिथे मार्च २०२१ मध्ये लोकांना एअरगन सरकारजमा करण्याचे आवाहन झाले आणि त्या वर्षअखेरपर्यंत १६०० हून अधिक बंदुका लोकांनी आपणहून आणून दिल्या.

आणखी एक गोष्ट बोलून दाखवणे भाग आहे. आपल्या भागात पारधी, हरणशिकारी समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगली. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अशा कितीतरी जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली तो पुसला, तरी गावात काही घडले की पहिला संशय त्यांच्याच पालावर. ज्यांचे पोट त्यावर होते त्यांनी फास टाकून द्यावेत आणि ज्यांच्या घरी फ्रीज भरलेला आहे त्यांनी हौसेसाठी होले पाडावेत, याला न्याय म्हणता येणार नाही.

नेम धरायचाच असेल तर

मुलाला नेमबाजीची आवड असेल तर ती मारून टाकू नका. दहा मीटर एअर रायफल हा ऑलिंपिकमधला खेळ आहे. त्यात दहा गुणांचा मधला ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अंजली भागवत २००० साली सिडनीत याच प्रकारात अंतिम फेरीत पोहोचल्या. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला याच प्रकारात सुवर्णपदक घेतले. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये चमकले. श्वास रोखून अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका टिपणे हे झोपलेल्या सशावर छर्रा झाडण्यापेक्षा कितीतरी कठीण काम आहे. आमचा भाचा आता गच्चीवर वाळूच्या पेटीवर कागद लावून सराव करतो. अज्जा आले की गुण मोजायला बसतात आणि एकही गुण जास्त देत नाहीत.

घरात एअरगन असेल तर

• बंदूक कुलपात ठेवा, छर्रे वेगळे ठेवा. मोठे माणूस सोबत असल्याखेरीज मुलांच्या हाती देऊ नका.

• बंदूक रिकामी आहे असे गृहीत धरू नका. नळी कुणाकडेही रोखू नका, गंमत म्हणूनही नाही.

• लक्ष्याच्या मागे वाळू किंवा मातीचा भराव हवा. दगड, पत्रा, पाणी यांवर छर्रा मारू नका. डोळ्यांना चष्मा लावा.

• छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरू नका, हात धुऊन मगच जेवा.

• विकत घेताना व्यास आणि ऊर्जा तपासा, पावती जपून ठेवा.

• ससे किंवा पाखरे पिकाचे नुकसान करत असतील तर स्वतः मारू नका, वन खात्याकडे लेखी अर्ज द्या.

• जखमी पक्षी, प्राणी सापडला तर घरी न ठेवता जवळच्या वनाधिकाऱ्यांना कळवा.