दुरुस्तीनंतरची थरथर आणि नेर्न्स्टची कांडी

गॅरेजमध्ये काम साधंच होतं: प्लग बदलणे, एअर फिल्टर बदलणे, थ्रॉटल साफ करणे. गाडी घरी आली आणि सिग्नलला उभी राहिली की थरथरू लागली. आरपीएमचा काटा खाली-वर नाचतो. ॲक्सिलरेटर दाबला की सगळं सुरळीत. मेकॅनिक म्हणतो, ‘पेट्रोलच खराब येतंय.’ वाचकांचा हा प्रश्न जुनाच आहे, पण हल्ली त्याला एक शेपूट असतं: हे ई-२० मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, तर नाही?

इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे एक किलो निव्वळ पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, तर ई-२० ला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त सोडावं लागतं, पण ते सगळ्याच वेगांना. कालपर्यंत हेच पेट्रोल पिऊन नीट चालणारी गाडी गॅरेजच्या फाटकातून थरथरत बाहेर पडली असेल, तर जिथे जिथे मेकॅनिकचा हात लागला, तिथूनच तपास सुरू करायला हवा.

पहिला संशय हवेवर. एअर फिल्टरच्या पुढे बसलेला सेन्सर आत जाणारी हवा मोजतो आणि त्या हिशेबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. लग्नाच्या मांडवात दारावरचा माणूस डोकी मोजून आचाऱ्याला आकडा कळवतो, तसंच हे. पण कनात मागून उसवलेली असेल तर? पंगत पाचशेची असताना वीस आगंतुक आले, तर कुणाला पत्ताही लागत नाही. पंगतच पन्नासची असली की तेच वीस जण आचाऱ्याची पळापळ करतात. इंजिनात ही उसवलेली कनात म्हणजे परत न जोडलेला व्हॅक्यूम पाइप, सैल क्लिप किंवा तिरका बसलेला गॅस्केट. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि आतली ओढ जबर असते, म्हणून चोरवाटेने शिरलेली हवा तेव्हाच सर्वात जास्त छळते. (हवा न मोजता इनटेकमधला दाब मोजणाऱ्या गाड्याही पुष्कळ आहेत. त्यांत गळती झाली की बहुधा थरथरीऐवजी आयडलिंगच चढतं.)

हे स्कॅनरवर पाहता येतं. ‘फ्युएल ट्रिम’ म्हणजे कॉम्प्युटरने ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवलं किंवा घटवलं, त्याचा आकडा. आयडलिंगला तो अधिक वीसच्या पुढे आणि अडीच हजार आरपीएमला शून्याजवळ आला, तर गळती शोधा. उलट वेग वाढेल तसा तोही वाढत गेला, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा मळलेला हवेचा सेन्सर तपासा.

कॉम्प्युटरला हे सगळं कळतं ते सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरमुळे, आणि इथे मला वाल्थर नेर्न्स्टबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. रसायनाच्या विद्यार्थ्यांना त्याचं समीकरण पाठ असतं, उष्मागतिकीवाल्यांना तिसरा नियम. १९२० च्या नोबेलचा तो मानकरी. पण त्याने एक विजेचा दिवाही केला होता. झिर्कोनियात थोडं यिट्रिया मिसळून केलेली चिनी मातीसारखी कांडी. थंड असताना ती वीज वाहू देत नसे. आधी तापवावी लागे, मग उघड्या हवेतच लखलखे. टंगस्टनच्या तारेपुढे तो दिवा टिकला नाही. १९७६ साली बॉशचा सेन्सर व्होल्व्होच्या गाडीत बसून कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावर आला, तेव्हा त्यात झिर्कोनियाच होता, आणि आजही त्याला आधी तापवावंच लागतं. एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकातून व्होल्टेज तयार होतं, तेही नेर्न्स्टच्याच समीकरणाने. साधारण ०.९ व्होल्ट म्हणजे पेट्रोल जास्त, ०.१ म्हणजे हवा जास्त. नेर्न्स्ट स्वतः मोटारींचा मोठा शौकीन होता, पण मोटारींच्या इतिहासात त्याचं नाव क्वचितच सापडतं.

या सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर तिथला ऑक्सिजन न वापरता धुरात येतो. सेन्सर प्रामाणिकपणे सांगतो, ‘हवा जास्त.’ कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओततो, स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे ‘हवा जास्त’चा कोड, उमटतो, आणि कोड वाचणं म्हणजेच निदान असं मानणारा मेकॅनिक साक्ष देणाऱ्या सेन्सरलाच बदलून टाकतो. हजारोंचं बिल होतं, थरथर तशीच राहते. स्कॅनरचं कौतुक मलाही आहे, पण तो लक्षण सांगतो, कारण नाही.

ठिणगीचा संशय असेल तर परीक्षा फुकटची आहे. कॉइलचा कपलर ‘टक्’ वाजेपर्यंत बसलाय का, ते बघावं. कोड पी०३०१, म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग, असेल तर पहिली आणि दुसरी कॉइल आपसात बदलावी. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली. नाही झाला तर प्लग किंवा इंजेक्टर बघावा. थ्रॉटल साफ केला असेल, तर कॉम्प्युटर अजून जुन्या काजळीच्या हिशेबानेच झडप उघडत असतो. त्याला आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं. आणि टायमिंग बेल्टचं काम झालं असेल, तर बेल्ट एखाद्या दाताने चुकलाय का, हे आधी तपासावं.

तेव्हा नवा सेन्सर बसवू देण्याआधी आयडलिंगचा आणि अडीच हजारांचा, असे दोन्ही ट्रिम दाखवायला सांगा. ‘चेक इंजिन’चा दिवा नुसता न पेटता लुकलुकत असेल, तर मात्र गाडी बाजूला घेऊन बंद करा: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत असतं, आणि तो या सगळ्या सेन्सरांपेक्षा कितीतरी महाग असतो.