एन-फाइव्ह की एन-नाइन?

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुरा, निराला बाजार भागात इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासांना तोटा नाही. तिथं पहिल्या दिवशी उभं करून स्वतःची ओळख करून द्यायला लावतात. फुलांच्या दुकानात फोनवर बसणाऱ्या पोराला ती ओळख कुणी कधी विचारत नाही. पलीकडून पुण्याचा, बंगळुरूचा, नाहीतर न्यू जर्सीचा घाईतला आवाज येतो आणि दोन मिनिटांत सगळं लिहून घ्यावं लागतं: फुलं कोणती, किती, कुठं, कधी, कार्डावर काय.

सिडकोतल्या एका दुकानात बसून मी हे काम पाहिलं. काउंटरवरचा मुलगा पैठण तालुक्यातला, बारावी झालेला. आधी हार ओवायचा, मग बुके बांधायला लागला, आता मालकांनी फोन त्याच्याकडे दिलाय. व्याकरण बेताचंच. ‘मॅम, यू वॉन्ट रेड ऑर पिंक?’ एवढ्यावर काम भागतं, कुणाचं काही अडत नाही. अडतं ते ऐकण्यात.

जरबेरा, कार्नेशन, ऑर्किड, जिप्सो ही नावं त्याला शिकावी लागलीच नाहीत. माल बाजारातून त्याच नावानं येतो. घोळ झाला तो ओळखीच्या फुलाचा. हार करणाऱ्याची लिली म्हणजे बारीक पांढऱ्या कळ्यांचं बंडल. फोनवरच्या बाईंना हवी असते मोठ्या पाकळ्यांची, काडीच्या हिशेबानं विकली जाणारी लिलियम. त्यामुळे कुणी ‘लिलीज’ म्हटलं की तो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो, मग भाव सांगतो.

डझनाची वेगळीच कटकट. डच गुलाबाची गड्डी २० काड्यांची, जरबेऱ्याची १० फुलांची. गिऱ्हाईक मागतं ‘टू डझन’. म्हणजे दुसरी गड्डी सोडून ४ काड्या काढायच्या आणि उरलेल्या १६ संध्याकाळपर्यंत सुट्या खपवायच्या. “अरे, त्यांना ट्वेंटी घ्यायला सांग, तेवढ्यातही बुके भरगच्च दिसतो,” इति मालक. पोरगं आता झोकात म्हणतं, ‘ट्वेंटी इज लुकिंग फुल, मॅम.’ वाक्य व्याकरणात बसत नाही, धंद्यात चोख बसतं.

खरी परीक्षा पत्त्याची. सिडकोचा सगळा कारभार एन-१, एन-२ अशा सेक्टरांचा. फोनवर ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ सारखेच ऐकू येतात. विमानाचे पायलट रेडिओवर ९ ला ‘नाइनर’ म्हणतात, ते याचसाठी. दुकानातला उपाय त्याहून सोपा: “एन-फाइव्ह, मतलब पाच ना, सर?” हिंदी आकडा आला की शंका मिटते. या शहरात इंग्रजी, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात सुखानं नांदतात. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यानं इथं डिलिव्हरीचा धंदा करू नये.

आणखी एक भानगड आहे. शहराचं नाव बदललं तरी बाहेरगावचं गिऱ्हाईक सवयीनं औरंगाबाद हे जुनंच नाव सांगतं, आणि औरंगाबाद बिहारमध्येही आहे. तिथला पिन ८२४१०१, आपला ४३१००१. म्हणून गावाचं नाव ऐकून घेतल्यावरही ‘पिन कोड, प्लीज’ हे आलंच.

सगळ्यात महाग पडू शकते ती वेळ. ‘फोर्टीन्थ, ट्वेल्व्ह एएम’ म्हणजे तेरा तारीख संपते तो क्षण. सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मनात चौदाची रात्र असते, काहींच्या मनात चक्क चौदाची दुपार. व्हॅलेंटाइनच्या फुलांना चोवीस तासांचा उशीर झाला तर ती कुणासाठी पाठवायची? मुलगा विचारतो, ‘थर्टीन्थ नाइट ऑर फोर्टीन्थ नाइट?’ एवढा नेमका प्रश्न मला कुठल्या सरकारी कचेरीत ऐकायला मिळालेला नाही.

पैसे एका गावात आणि फुलं दुसऱ्या गावात, ही रीत जुनीच. अमेरिकेतल्या फुलवाल्यांनी १९१० साली तारेनं एकमेकांना ऑर्डरी कळवायला संघटना काढली होती. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून मजकूर आखूड. आता बोलायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे लोक कार्डाचा मजकूर परिच्छेदभर सांगतात, मध्येच बदलतात, वर नावाचं स्पेलिंग गृहीत धरतात. ‘बी फॉर बॉम्बे, व्ही फॉर व्हिक्टर’ करत मुलगा एकेक अक्षर उतरवून घेतो. ‘कंडोलन्स’ आणि ‘काँग्रॅच्युलेशन्स’ हे दोन शब्द त्यानं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेत, एक काळ्या शाईत, एक लाल.

तेव्हा इथल्या आईवडिलांना, आजीला बाहेरगावाहून फुलं पाठवणार असाल तर एवढं करा: तारीख सांगताना ‘रात्री’ की ‘दुपारी’ हे सांगा, घेणाऱ्याचा मोबाइल नंबर द्या आणि कार्डाचा मजकूर फोनवर न सांगता लिहून पाठवा. तोही मराठीत पाठवलात तर उत्तम. दुकानातल्या मुलाचं मराठी अक्षर झकास आहे.