सोटो विकला, ओहतानी राखला

मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळाडू साधारण सहा वर्षं संघाच्या ताब्यात असतो. त्यानंतर तो मोकळा, जो जास्त मोजेल त्याचा. म्हणून घड्याळाचे काटे पुढे सरकतात तसा ताऱ्याचा अदलाबदलीतला भाव उतरत जातो, मग तो कितीही चांगला खेळो.

वॉशिंग्टन नॅशनल्सनी हे २०२२ साली ओळखलं. हुआन सोटोने १५ वर्षांचा ४४ कोटी डॉलर्सचा करार नाकारला आणि २ ऑगस्टला महाव्यवस्थापक माइक रिझो यांनी त्याला सॅन डिएगोला देऊन टाकलं. पोरगा अवघा २३ वर्षांचा, २०१९ च्या विजेतेपदाचा मानकरी, चाहते हळहळले. पण मोकळा व्हायला त्याला अजून अडीच हंगाम होते, म्हणूनच बदल्यात एब्रम्स, गोर, वूड अशी कोवळ्या खेळाडूंची रास मिळाली.

एंजल्स संघाकडे असाच तारा होता, शोहेई ओहतानी. त्याच २०२२ च्या उन्हाळ्यात संघ रसातळाला गेला होता आणि ओहतानीचा दीड हंगाम बाकी होता. माझ्या मते खरी संधी तीच. ती दवडली. २०२३ च्या जुलैत मात्र संघ प्लेऑफच्या आशेवर जेमतेम तगून होता, तेव्हा त्याला विकणं मालकाच्या जिवावर आलं असेल तर नवल नाही. त्यांनी उलट गिओलितो आणि लोपेझ हे गोलंदाज आणले, त्यासाठी आपली होतकरू पोरं दिली. दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, डेट्रॉइटमध्ये लागोपाठ दोन सामने होते. पहिल्यात ओहतानीने शेवटपर्यंत गोलंदाजी करून एकच हिट दिली, दुसऱ्यात दोन होमरन ठोकले. असा माणूस कोण विकेल?

ऑगस्ट उजाडला आणि ओळीने सात पराभव झाले. २३ तारखेला ओहतानीच्या कोपराचा अस्थिबंध फाटल्याचं निष्पन्न झालं. महिनाअखेरीस गिओलितो, लोपेझसकट सहा जणांना कोणीही उचलावं म्हणून मोकळं सोडलं. डिसेंबरात ओहतानी ७० कोटींवर डॉजर्सकडे गेला, तोही शेजारच्या लॉस एंजेलिसमध्ये! एंजल्सच्या वाट्याला भरपाई म्हणून नवोदितांच्या ड्राफ्टमधली ७४ व्या क्रमांकाची निवड आली. तेलही गेलं, तूपही गेलं.

सोटो मात्र हातोहात फिरत राहिला. एकच वर्ष उरलं असताना सॅन डिएगोने त्याला यांकीजना दिलं आणि मायकेल किंगसारखा गोलंदाज कमावला. यांकीज त्याच्यासह २०२४ च्या वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले, हरले, आणि तो ७६.५ कोटींवर मेट्सकडे निघून गेला. यांकीजच्या हाती फारसं काही उरलं नाही, पण त्या एका हंगामाची किंमत वसूल झाली असं मी म्हणेन.

मग नॅशनल्स जिंकले का? २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी ७१ विजय, ९१ पराभव. सौदा चोख झाला, पण संघ उभा करायला लागणारं बाकीचं काम जमलं नाही. वूड आणि गोर २०२५ च्या ऑल-स्टार संघात निवडले गेले. सामना झाला तोवर रिझोंच्या हाती नारळ पडला होता.