प्लास्टिकच्या वाघिणीला गंज

प्लास्टिक कधी गंजत नाही. तरीही अमेरिकेतील व युरोपातील हौशी मंडळी आपल्या छोट्या मालगाडीच्या प्लास्टिकच्या वाघिणींना 'गंजविण्यात' तासन्‌तास रमतात. हा गंज अर्थात रंगाचा असतो. नवशिक्याच्या हातून मात्र बहुधा एक चूक होते. तो तपकिरी रंग सगळीकडे सारखाच फासतो आणि वाघीण जुनी न दिसता नुसती मळकी दिसते. असे का व्हावे?

गंज म्हणजे लोखंडाचे जलयुक्त ऑक्साइड. ते तयार होण्यास ऑक्सिजन व पाणी ही दोन्ही लागतात. रंगाचा थर शाबूत असेपर्यंत आतील पोलाद सुरक्षित असते. ओरखडा पडला किंवा रिवेटच्या कडेचा रंग तडकला, की तेथून पाणी आत शिरते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाला आतून ढकलतो, फुगवटे येतात आणि पोपडे निघतात. पावसाचे पाणी हा गंज घेऊन खाली ओघळते. म्हणजेच पाणी जेथे साचते आणि जेथून वाहते, तेथेच गंज दिसायला हवा.

आता अमेरिकेतील १९५० च्या दशकातील एक बंद वाघीण घेऊ. तिच्या दाराखालची पट्टी, सांधे, शिडीचे पाय आणि तळाच्या कडा प्रथम गंजतात. छपराचे मात्र वेगळे असते. अनेक वाघिणींच्या छपराला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असे. त्यावरचा रंग निघाला, की खाली करडे जस्त दिसते. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचविते, त्यामुळे तेथे गंज उशिरा येतो. उघड्या वाघिणीचा आतला भाग भंगार व खडी घासून सर्वत्र तपकिरी होतो. चाकांच्या बाजू गंजलेल्या असतात. पण रुळावर फिरणारी धाव चकचकीतच राहते.

प्रमाणाकडेही लक्ष हवे. ४० फूट लांबीची वाघीण १:८७ या प्रमाणात अवघी १४ सेंटिमीटर होते. खऱ्या वाघिणीवरचा ८.७ सेंटिमीटर रुंदीचा डाग येथे फक्त १ मिलिमीटरचा होईल. तेव्हा बारीक कुंचला घ्यावा आणि रंगाचे गोळे टाळावेत.

पोपड्यांसाठी मिठाची युक्ती फार नामी आहे. प्रथम वाघिणीला काळपट तपकिरी व नारिंगी अॅक्रिलिक रंग देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. जेथे गंज दाखवायचा, तेवढीच जागा पाण्याने ओली करून तेथे बारीक मीठ भुरभुरावे. मीठ वाळून चिकटले, की वाघिणीच्या मूळ रंगाचा हलका फवारा द्यावा. हे काम मोकळ्या हवेत, नाकातोंडावर मुखवटा लावूनच करावे. रंग वाळल्यावर ओल्या कुंचल्याने घासावे. अॅक्रिलिक रंग वाळल्यावर पाण्यात विरघळत नाही. मीठ मात्र विरघळते. त्याबरोबर वरचा रंग सुटतो आणि खालचा 'गंज' उघडा पडतो. मग पातळ तपकिरी रंगाचे ओघळ वरून खाली ओढावेत. जुना गंज गडद, ताजा नारिंगी, हे विसरू नये. शेवटी बिनचमकीचे वॉर्निश द्यावे. गंजाचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने त्यावरून प्रकाश विखुरतो. म्हणून तो चकाकत नाही.

रंग हाती घेण्यापूर्वी एक प्रयोग करा. लोखंडी पट्टीला रंग द्या, वाळल्यावर खिळ्याने त्यावर खोल आडवा ओरखडा काढा, आणि पट्टी उभी ठेवून रोज मिठाचे पाणी शिंपडा. मिठामुळे गंजण्याची क्रिया वेगाने होते. ओरखड्याचा रंग कसा बदलतो, पहिला ओघळ कोठून निघतो आणि रंग कोठे फुगतो, याचे रोज चित्र काढा. हीच चित्रे समोर ठेवून वाघीण रंगवा. डाग कोठे द्यायचा आणि कोठे नाही, हे मग कोणाला विचारावे लागणार नाही.