जबड्याच्या सांध्याची तपासणी

कळण्याची भाकरी चावताना कानापुढे कळ आली, की जळगाव-धुळे भागातील रुग्ण बहुधा कानावर किंवा दाढेवर संशय घेतो. दुखणे जबड्याच्या सांध्याचेही असू शकते. कानाच्या अगदी पुढे असलेला हा सांधा बिजागरीसारखा फिरतो, शिवाय पुढेही सरकतो. त्यातील चकती जागची हलली, की ‘कट्’ असा आवाज होतो. वेदना नसेल, तर नुसत्या आवाजाला सहसा उपचार लागत नाहीत.

प्राथमिक तपासणीस महागडे यंत्र नको. डॉक्टर सांध्यावर बोटे ठेवून तोंड उघडण्यास सांगतात, गाल व कानशिलाचे स्नायू दाबून पाहतात, जबडा एका बाजूस झुकतो काय हे न्याहाळतात आणि वरच्या-खालच्या पुढील दातांमधील अंतर पट्टीने मोजतात. प्रौढांत ते साधारणतः ४० मिलिमीटर वा अधिक असते. स्वतःची तीन बोटे एकावर एक मावणे, ही त्याची घरगुती खूण.

मात्र तोंड कमी उघडले म्हणून सांध्यालाच दोष देणे धोक्याचे. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी चघळण्याची सवय सुटलेली नाही. तिने गालाचे आतील अस्तर पांढुरके व ताठर होते, शेवेच्या भाजीनेही तोंडाची आग होते. सांध्याचे दुखणे मऊ आहार, शेक व व्यायामाने पुष्कळदा ओसरते. हा ताठरपणा तसा ओसरत नाही आणि त्यातून कर्करोगही उद्भवू शकतो. म्हणूनच सांधा चाचपून झाल्यावर डॉक्टर गालाच्या आतूनही बोट फिरवतात आणि सुपारीविषयी विचारतात. रुग्णाने ते लपवू नये.